गिटारीवरचा अंगठा

१९७६ साली सांगलीच्या स्टँडवर इस्लामपूरच्या गाडीची वाट पाहत चिवटे सरांनी पुस्तक उघडले होते. पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजा-नातवाने ते काही वाचू दिले नाही. नातवाने गोधडीतून चक्क इलेक्ट्रिक गिटार बाहेर काढली होती.

"आण्णा, बघा तरी. तुमच्या भजनातल्या वीणेगतच घडवून घेतलीया मिरजंत."

"वीणेला ही बटनं कवा हुती रं, धनाजी?"

"ती आवाज वाढवाया. बाकी आकार, खुट्ट्या, समदं जुनं."

"आन् ह्यो डाग कसला कोरलाय?"

"तुमचा अंगठा हाय त्यो. विलायती गिटारीवर नामी वाजवणाऱ्याची सही असती. तुमाला सही कुठं येती?"

"म्हंजे परवा शाई लावलीस ती ह्याच्यापायी? मला वाटलं, सोसायटीचं काम हाय."

"खरं सांगितलं असतं तर दिला असता?"

"न्हाई."

"मग एकादशीला भजनात वाजवू का?"

"न्हाई."

"आवं, लय हौसेनं केलीया."

"डावा अंगठा हाय ह्यो."

"सहीच्या जागी डावाच घेत्यात की."

"सरकार घेतंय. सरकारनं माझी वीणा कवा ऐकली? मी वाजवतोय उजव्या हातानं. गुंडाळ ती, चल."

"कुठं?"

"मिरजंला. उजवा कोरून घिऊ. मग वाजव भजनात. पर सूर चुकलास तर लोक मला हसतील, एवढं ध्यानात ठेव."

इस्लामपूरची गाडी लागली तेव्हा दोघे मिरजेच्या गाडीमागे धावत होते. आण्णा पुढे होते, आणि गिटार त्यांच्याच खांद्यावर होती.