दीड एकर दुःख आणि सात कॅसरोल

हॅलो?… कोण, नेवा?… थांब जरा, हात पिठाचे आहेत… हं, बोल. अगं, फोन वाजला तेव्हा मी आईचंच ऐकत उभी होते. जाऊन एकतीस वर्षं झाली, पण आवाज असा, जणू ओव्हनमागून येतोय. 'ओलिटा, जिथे दारू विकतात तिथे पाऊल टाकायचं नाही.' शेवटच्या आजारात वचनच घेतलं तिने. आजवर पाळलं…

तू रडतेयस का?… नेवा. ऐक ना… नाही गं, रागावले नाहीये. राग आला तर मी काय करते, तुला ठाऊक आहे. एका कडू शब्दाला एक स्तोत्र जास्तीचं… आज? चार झाली. पण त्यातली तीन शेजारच्या मॅव्हिसमुळे.

हो, हो… गुरुवारी तू माझा ट्रे परत द्यायला आलीस… मागच्या ओसरीवर फेय गात होती, तुला वाटलं पोर रडतेय. बरोबर आहे, ती गाते तशीच… 'तो गेला, ट्रॅक्टर नेला, कुत्राही त्याच्यामागे गेला'… अगं गाणं आहे ते! बावीस वर्षांची पोर, लग्नच झालं नाहीये, नवरा पळेल कुठून?

मग आत येऊन विचारायचंस ना मला… हां, तेही खरंच. दुसऱ्याच्या घरचं दुःख विचारायचं नाही, प्रार्थनेच्या साखळीत टाकायचं. आपल्या चर्चची रीतच ती. तू मॅव्हिसला फोन केलास, मॅव्हिसने अर्लीनला… अकरा बायका! आणि यादीत शेवटचं नाव कुणाचं?… माझं! मला फोन आला, 'ओलिटा, गुडघे टेक. एका पोरीचा नवरा ट्रॅक्टरसकट पळालाय आणि बहीण तुरुंगात आहे.' आणि मी टेकले गं! निम्मी प्रार्थना झाल्यावर नावं विचारली, तर दोघी माझ्याच नाती.

डेला तुरुंगात कशी?… ते त्यांच्या अल्बममधलं तिसरं गाणं. ती कुणाचंतरी कोठार पेटवते त्यात. तू नाही म्हणतेस तर मॅव्हिसनेच ऐकलं असणार, कुंपणाला कान लावून… नको, नको. पाच झाली.

आली ना कॅसरोल! दुःखाच्या घरी ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण भांड्यासकट पोचवायचं, तीही आपली रीतच. सात… अगं, खोटं कशाला सांगू, ओट्यावर सुरी ठेवायला जागा नाही. तीन चिकन-भाताची, दोन हिरव्या शेंगांची, एक रताळ्याचं… सातवं कशाचं आहे ते कळत नाही. तळाला चिकटपट्टीवर अर्लीनचं नाव आहे, म्हणजे विचारायलाच नको… सहा.

पास्टर टॉलिव्हरही येऊन गेले. सकाळी सातला. फेयला म्हणाले, 'पोरी, त्याला क्षमा कर.' ती म्हणाली, 'कुणाला?' तर माझ्याकडे वळून म्हणतात, 'बघा, नावसुद्धा घेववत नाही बिचारीला.'… हस, हस. मी पण हसले, पण फडक्यात तोंड घालून.

हो, अल्बम आजच येतोय. 'दीड एकर दुःख'. पहिलाच त्यांचा. दीड एकर म्हणजे हेच गं आमचं, तंबाखूचं शेत विकून उरलेलं… दुपारी दोनला, नॅशव्हिलमध्ये. संध्याकाळ मोठ्या नावांची असते, नवख्यांना दुपार मिळते… कुठे म्हणजे?… बारमध्ये. तेच तर.

नाही, मी नाही जात… अगं, कशी जाऊ? आईला वचन दिलंय… पण नातींनाही दिलंय ना! थंडीत, याच टेबलावर. 'मॅमॉ, आमचा अल्बम आला, आम्ही लोकांसमोर उभ्या राहिलो, की तू पहिल्या रांगेत.' म्हटलं, हो. मला वाटलं, शाळेचा हॉल असेल! आठ दिवस देवाला विचारतेय, तो आपला गप्प… गोड चहासुद्धा सोडलाय जानेवारीपासून. त्यांचं पहिलं गाणं होईपर्यंत थेंब नाही… हो, तुम्ही सगळ्या रविवारी माझ्यासमोर बर्फ घालून ग्लासच्या ग्लास रिचवता, तेव्हा मी कसं गिळते पाणी, ते माझं मला माहीत.

डेला रुसलीय. फेय निघताना एवढंच म्हणाली, 'खुर्ची ठेवतेच आहे मॅमॉ. रिकामी राहिली तर राहू दे.'… नको ना, तू परत रडू नकोस.

काय?… तू ऐकलास?… अख्खा? भाच्याच्या फोनवर?… शेवटचं गाणं? नाही, मी नाही ऐकलं. पोरींनी बजावलंय, ते समोर बसूनच ऐकायचं. सांगू नकोस!… नेवा, एक अक्षर सांगू नकोस…

बरं, कशावर आहे तेवढं सांग.

माझ्यावर?… छे. माझ्यावर कसलं गाणं? मी काय कोठार पेटवलंय?… हं… हं… पहाटे साडेचारला दाराखालून येणारा उजेड… हो, लहानपणी इथेच झोपायच्या दोघी… 'आमची नावं आम्ही आधी तिच्या प्रार्थनेत ऐकली'… असं म्हणतात?… मला वाटायचं, त्या झोपल्यात.

…

आहे गं. आहे मी इथेच… नाही, कांदा चिरतेय… बरं, नाही चिरत.

नेवा, थांब. फेय त्या बारबद्दल कुरकुरत होती ना, की तिथे स्टेज अगदी खिडकीत आहे. काच वर सरकवलेली, रस्त्याकडे पाठ करून गायचं. फूटपाथवरच्यांना नुसत्या बुटांच्या टाचा दिसतात. म्हणून तर डेलाने टाचेवर चांदण्या असलेले बूट घेतलेत… अगं, मग फूटपाथवर दारू कुठे विकतात?

नाही, ऐक ना! मासे धरायला न्यायची ती घडीची खुर्ची आहे माझ्याकडे. खिडकीला चिकटून बाहेर बसेन. दाराच्या आत एक बोट नाही… मागून दिसलं म्हणून काय झालं? त्या बाजूने मोजलं तर पहिलीच रांग! पोलिसांनी हटकलं तर एक कॅसरोल देईन… अर्लीनचं?… अगं, काय गुन्हा केलाय त्यांनी?… सात झाली. वाटेत म्हणेन सातही.

किती वाजले?… साडेअकरा! दीड तासाचा रस्ता आहे. बरणीत चहा भरतेय बघ, साखर हात सैल सोडून. झाकण मात्र पहिलं गाणं संपल्यावरच उघडायचं.

काय?… तूपण?… चल की. पण खुर्ची तुझी तू आण. आणि नेवा… हे साखळीत टाकायचं नाही. कुणालाच नाही. संध्याकाळपर्यंत मी बारमध्ये पडलेली सापडेन आणि उद्या आणखी सात कॅसरोल येतील.

फाटकाशी उभी राहा. मी हॉर्न वाजवणार नाही, मॅव्हिस खिडकीत असते… हो, दिवेसुद्धा नाही लावत. भर दुपारी कशाला लावू?… ठेवते.