कुलूपबंद फोल्डरची मुभा

दाताच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या शिक्षिकेचं लक्ष समोरच्या बाकाकडे गेलं. जबडा सुजलेल्या एका गृहस्थांना गाठायला त्यांच्या ऑफिसातली सहकारी थेट इथवर आली होती.

“सर, सर्व्हरवरच्या परवानग्या तपासतेय. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, चालवणाऱ्या प्रोग्रामला सगळ्यांचे खासगी होम फोल्डर वाचायची मुभा आहे. ती का?”

“एकाने आपल्या मशीनची फाइल होम फोल्डरमध्ये ठेवली होती. फोल्डर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद; प्रोग्रामला फाइल वाचता येईना, त्यामुळे मशीन सुरूच होईना.”

“मग त्या एका फोल्डरपुरती द्यायची.”

“उद्या दुसरा येतो, परवा तिसरा. कोण रोज उठून नियम लिहीत बसणार?”

“पण माणसाने लॉगिन केलं की त्याचं कुलूप उघडतं. मग तो प्रोग्राम आतलं काहीही वाचू शकतो.”

“प्रोग्रामला कशाला वाचायची हौस असेल, मॅडम?”

“त्याला नसेल. चालवणाऱ्याला असू शकते.”

“तो तर मी चालवतो.”

“हो.”

“आता माझ्यावर घसरू नका. तसंही महिनाअखेरीला तुम्ही निघालात, मग कशाला डोक्याला ताप?”

“मी निघाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“ऑफिसात बोलतात सगळे.”

“राजीनामा मी अजून कुणालाच दिलेला नाही, सर. घरीसुद्धा बोललेले नाही. तो फक्त माझ्या होम फोल्डरमध्ये आहे.”

शिक्षिकेला क्षणभर आपल्या दाताचा विसर पडला. तेवढ्यात गृहस्थांना आतून हाक आली. ते उठले आणि आपल्या लॅपटॉपची पिशवी खांद्याला अडकवू लागले.

“ती इथेच राहू द्या,” सहकारी म्हणाली. “दात काढायला लॅपटॉप लागत नाही.”