सारिकाचं हसनं

मी मूळची सांगोल्याकडची. गाव म्हनावं आसं न्हाईच वो, वस्ती, चार घरं आन् बाकी माळ. बापाची मेंढरं हुती, आठ म्हैनं आमी मेंढरांमागं, आज हितं तर उद्या तितं, पावसाळ्यात तेवढं घरला. देव बी आमच्यासंगं फिरायचा की. घोड्यावर वाकळांच्या गाठोड्यात देवाची पेटी, बाभळीखाली उतरलं की पेटी उघडायची, देव मांडायचा, भंडारा लावायचा, भंडारा म्हंजे हळद, आमच्या खंडोबाला हळदच लागती. आन् काय सांगू तुमाला, एकदा कोकरानं येऊन देवाच्या अंगावरची समदी हळद चाटून नेली, तर माझी आई म्हनली, चाटू दे, ते बी त्याचंच लेकरू हाय. कुनाला काय वाटायचं न्हाय तवा. हे मी आज तुमाला सांगतीया, पर मधली कितीतरी वर्सं मीच हे इसरून बसले हुते.

लगीन झालं आन् सोलापुरात आले. आमचं मालक वाचमन, एका गोदामावर. भाड्याच्या दोन खोल्या, नळ सामाईक. नळावर गेलं की एखादी म्हनायची, मेंढरंवाली आली, सरका, वास येतुया. हसून म्हनायची, पर म्हनायची. मी दगडानं घासून घासून आंग धुवायची, आन् वास यायला मेंढरं हुती कुटं, ती तिकडं सांगोल्याला राह्यलेली. मग मी सात रस्त्याच्या अलीकडं एका बाईंच्या घरी धुन्याभांड्याला लागले. बाई चांगल्या, आवाज चढवनार न्हाईत. त्यांचं देवघर म्हंजे काय सांगू, दारातनं दिसायचं तेवढं बघायची मी. आत येऊ नको आसं कुनी म्हनलं न्हाय, आन् ये आसं बी कुनी म्हनलं न्हाय. समई हितं तर हितंच, फूल वाकडं न्हाय, तांब्यावर डाग न्हाय. मी मनाशी धरलं की आपन बी आसंच करायचं, मग कोन मेंढरंवाली म्हनतंय बघू. घरी आले आन् कोपऱ्यात देव मांडला, देवाचा तांब्या येगळा, फडकं येगळं, आंघोळीबिगर कुनी त्या कोपऱ्याकडं फिरकायचं न्हाय. मालक म्हनायचं, आगं ह्यो आपलाच खंडोबा हाय ना, का दुसरा कोन आनलास. मी देवाचा तांब्या पुन्यांदा घासायला घ्यायची.

पोरगा एकच, बाळू. टावेलच्या कारखान्यात हाय. त्येला वैरागची पोरगी केली, सारिका. बाप बाजारात बांगड्या भरतुया. त्या घरात समदीच हसनारी, बघायला गेलो तर चहात साखरेच्या जागी मीठ पडलेलं, आन् तिचा बाप आमच्याआदी हसला. मला तवाच खटकलं, पर बाळूला पोरगी आवडली हुती. घरात आली तीच हसत. कळशी निसटली, हसली. भाकरी करपली, हसली. मी डोळं वटारलं की गप व्हायची, आन् माझी पाठ वळली की परत खुसूखुसू.

मग त्या चंपाषष्ठीचं सांगते. ह्या एवढ्या वर्सांत मी पहिल्यांदाच बाईंना घरी बोलवलं. म्हनलं, आमच्या खंडोबाची तळी हाय, प्रसादाला या. येते म्हनल्या, आन् माझा जीव टांगनीला लागला.

सकाळी देव घासायला काढलं. टाक सारिकाकडं दिलं, टाक म्हंजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, आगपेटीएवढा. मी देव मांडायला बसते तर खंडोबा न्हाय. म्हाळसा हाय, बाकीचं हायती, खंडोबाच न्हाय. समदं घर पालथं घातलं, बाळू खाटंखाली शिरला, मालक पिठाच्या डब्यात हात घालून बघायला लागलं. तर देव कुटं, भांड्याच्या मांडनीत, ताटल्यांच्या रांगंत हुबा, धुऊन निथळत ठेवलेला. सारिका पोट धरून हसली. म्हनली, आत्या, जेवायच्या ताटासंगंच बसला वो देव, भूक लागली आसंल. बाळू हसला. मी म्हनलं, चल, कामाला लाग.

भरीत तिच्याकडं दिलं, तर पोरगीनं वांग्याला टोचलंच न्हाय, तसंच ठेवलं गॅसवर. फाटकन् फुटलं आन् गर उडून मालकाच्या टोपीवर. मालक नुसतं म्हनलं, नैवेद आदी मला का. पुन्हा हसनं. त्या गडबडीत बाजरीचं रोडगं करपलं, घरभर धूर. धूर जावा म्हनून बाळूनं पंखा लावला, अगदी मोठ्यावर. आन् त्याच घटकंला बाई दारात. पांढऱ्यावर बारीक काठाचं लुगडं, हातात हार. मी घाईघाईनं त्येंना खुर्चीवर बसवलं.

तळीला पाच गडी लागत्यात. घरचं दोन, खालच्या बिऱ्हाडातलं दोन, आन् पाचवं शेजारचं नरसय्या, मागावर काम करून म्हातारं झालेलं. त्येंना बिचाऱ्यांना आमचं काय ठावं, पर मानानं बोलवलं म्हनून आलं, धुतलेलं धोतर नेसून. नारळ-भंडारा ठेवलेलं तळीचं ताट तीनदा उचलायचं, येळकोट येळकोट जय मल्हार म्हनायचं, आन् भंडारा उधळायचा. बाकीच्यांनी बेतानं उचललं, नरसय्यांनी जोरात. नारळ गडगडत गेला बाईंच्या पायाशी. आन् मालकानं भंडाऱ्याची मूठ वर उधळली, ती गेली पंख्यात. पंखा बंद करायचं कुनाच्या ध्यानातच न्हाय. एका दमात समदं पिवळं. मालकाच्या मिशा पिवळ्या, नरसय्यांचं धोतर पिवळं, बाईंचं पांढरं लुगडं, केस, चष्मा, समदं पिवळं. नरसय्यांनी डोळं मिटूनच इचारलं, झालं का अजून हाय. सारिका भिंतीला टेकून खाली बसली, हसून हसून तिच्या डोळ्यांतनं पानी. बाळू हसतुया, मालक हसत्यात, आन् बाईंनी तोंडावर पदर धरलेला.

मी तो पदर बघितला. मला वाटलं, संपलं. मेंढरंवालीच्या घरी आल्याचा पस्तावा झाला ह्येंना.

मी सारिकाला म्हनलं, उठ. तुझ्या बापानं तुला हसायलाच धाडलीय व्हय आमच्या घरात. तुमच्यात देव हाय का न्हाय, का बांगड्यांवरच भागवता. आजपास्नं माझ्या घरात दात काढायचं न्हाईत. आन् रोडगं पुन्यांदा कर, झाल्याबिगर अन्नाला शिवायचं न्हाय.

समद्यांच्या म्होरं बोलले. तिचं तोंड उघडं हुतं ते तसंच राह्यलं, मग हळूच मिटलं. उठली, पदर खोचला, पीठ मळायला बसली. बाईंनी चिमूटभर परसाद घेतला आन् गेल्या. मालक तेवढं म्हनलं, घराचं देऊळ केलंस तू, बोलायची सोय ठेवली न्हाईस. मी आयकलं न्हाय.

त्या दिसापास्नं पोरगी बदलली. भांडन न्हाय, रुसवा न्हाय, माहेरला गाऱ्हानं न्हाय. व्हय आत्या, न्हाय आत्या, झालं आत्या. हातनं काय पडत न्हाय, करपत न्हाय. मी गल्लीत सांगत फिरले, सुनंला वळन लावलं म्हनून.

बाईंच्या घरी मी खाली मान घालून काम करायची. लुगडं द्या, धुऊन आनते म्हनलं तर राहू द्या म्हनल्या. चार-पाच म्हैन्यांनी एक दिवस त्याच म्हनल्या, तुमची सून बरी आहे ना हो. मी म्हनलं, बरी हाय, त्या दिसाचं मनावर घेऊ नका. तर बाई म्हनल्या, मनावर काय घ्यायचं, किती वर्षांनी मी इतकी हसले, पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. आमच्या घरात सगळं जागच्या जागी असतं, पण हसायला कोणी नाही. मग तुम्ही त्या पोरीला बोललात आणि मला तिथं बसवेना.

माझ्या हातात ताट हुतं, ते मी किती येळ घासत हुते कुनाला ठावं.

घरी जाऊन तिला सांगायचं ठरवलं. चप्पल काढूस्तवर ठरलेलं हुतं. आत गेले, ती भाजी चिरत हुती, आन् माझ्या तोंडातनं काय निघालं, तर सकाळी मीठ बरं पडलं हुतं कालवनात. ती म्हनली, व्हय आत्या. सासूनं सुनंची माफी मागितलेली मी कुटं बघितलीच न्हाय वो, कशी मागायची तेच ठावं न्हाय मला. पुढल्या चंपाषष्ठीला मी मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. बघत उभी राह्यले, गेलं उतू, आन् मी हसले, मोठ्यांदा हसले. ती पळत आली, फडकं घेतलं, गुडघ्यावर बसून समदं पुसलं आन् म्हनली, चुकलं आत्या, माझं ध्यान न्हवतं.

तिची काय चूक हुती त्यात, सांगा की.

मालक म्हनत्यात, यील, तिचं हसनं कवातरी यील परत. मला न्हाय वाटत. बाळूसंगं बोलती, ते बी हळू. खंडोबाला मी आता काय मागत न्हाय, त्याच्याम्होरं बसले की आईचं ते चाटू दे म्हननं आठवतं आन् लाज वाटती.

एक हाय मात्र. दुपारी वैरागहून तिच्या बहिनीचा फोन येतुया. मी बाईंच्याकडनं येते तीच येळ. पहिल्या दिशी जिना चढले तर आतनं हसन्याचा आवाज, पहिल्यावानी, दम लागस्तवर. मी दार लोटलं आन् आवाज बंद. ठेवते ग म्हनली, आन् उठून चहा टाकला. तवापास्नं मी दार लोटत न्हाय. हितं पायरीवर बसते. कुनी इचारलं तर म्हनते, गुडघं दुखत्यात, जरा टेकते. कवा दहा मिनटं, कवा अर्धा तास. हसू दे, लेकराला देव सुखात ठेवो.

तुमी बी चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय. पर आत फोन चाललाय, आयकताय न्हवं. घाई न्हाय ना तुमाला, मग बसू हितंच, संपूस्तवर.