करंजवाडीच्या थाळ्या

ऐका रं. शेकोटी जरा सारा फुडं, आन् हुंकार सोडून मधी कुनी बोलायचं न्हाई.

माझी आज्जी बायजा. पंचक्रोशीची सुईन. एका सांजेला निरोप आला, करंजवाडीच्या तानूला कळा लागल्यात, पहिलटकरीन हाय, पोर आडलंय, लगोलग या. म्हातारीनं कंदील घेतला आन् निघाली एकलीच, खिंडीच्या वाटंनं. दिवस बुडाल्याला! लोक म्हनले, "बायजाबाय, खिंडीत चकवा हाय." ती म्हनली, "चकव्याला घाई न्हाई. तानूला हाय."

चकवा ठावं हाय न्हवं? वाट भुलवनारं भूत. आन् आवाज काढतंय, आपल्याच मानसाचा! करंजवाडीच्या शिर्पानं एकदा रातच्या हाकंला ओ दिली, तर म्हैनाभर तापानं फणफणला. तवापासनं त्यानं दार लावलं. त्याचं बघून शेजाऱ्यानं. शेजाऱ्याचं बघून पल्याडच्यानं. सारी वाडी रातच्याला मुकी! कुनी ओ म्हनून द्यायचं न्हाई.

तर आज्जी खिंडीत. भपकन कंदील इजला. वारा न्हाई, काय न्हाई! वाटंत एक वाकडा आंबा लागला. चालली, चालली, पुन्हा त्योच आंबा! पुन्हा चालली. पुन्हा आंबा! तेवढ्यात डाव्या अंगानं तानूची सासू वरडली, "बायजाबाय, हिकडं या!" आज्जी वळली, तर पायाखालचा धोंडा गडगडत खाली. फुडं कडा! तोल गेला असता तर हाडबी घावलं नसतं.

आज्जी मटकन बसली. भ्याली, खोटं कशाला बोलू? पर तिकडं तानू तडफडतीया. तिनं जीव खाऊन हाक मारली, "मी बायजा! वाट दावा गं कुनीतरी!" चकव्यानं तीच हाक पल्याडनं मारली. मग खालनं मारली. समद्या वाडीनं ऐकलं. एक दार उघडंल तर शपथ!

कडंच्या घरात हौसा व्हती. तिची दोनी पोरं आज्जीच्याच हातची. तिला बसवंना. तोंडानं ओ द्यायची तर भ्या. मग तिनं काय करावं? काशाची थाळी घेतली, आंगनात आली आन् लाटन्यानं बडवाया लागली. ठण्ण! ठण्ण! चकव्याला मानसाचा आवाज येतो, थाळीचा कुठला यायला?

आता गंमत ऐका. आपल्यात थाळी कवा वाजिवत्यात? पोरगा झाला की! शेजारीन म्हनली, "अगं बया, तानू सुटली! मुलगा झाला!" तिनं थाळी काढली. तिचं ऐकून तिसरीनं. दारं उघडली, दिवं भाईर आलं, शिर्पासुदीक परात बडवाया लागला! सारा डोंगर दणानला. आज्जी आवाजाच्या रोखानं निघाली ती थेट तानूच्या दारात. सासू कपाळाला हात लावून बसल्याली. "अवो, अजून जलमलं न्हाई, थाळ्या कसल्या वाजिवत्यात?" आज्जी म्हनली, "वाजू द्या. तुमी पानी तापवा."

पहाटं तानू सुखरूप सुटली. पोरगी झाली! आता वाजल्याल्या थाळ्या काय परत घ्यायच्या? फुडल्या साली हौसाच्या जावंला पोरगी झाली. ती म्हनली, "माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय?" मग तिची वाजली. मग समद्यांच्याच लेकींची वाजाया लागली. आन् ती पहिली पोरगी कोन? ही आपली साळूआक्का, भिताडाला टेकून घोरतीया ती.

म्हनून सांगतो, खिंडीची वाट रातच्याला धरू नगा. कवाच नगा. आन् तुमी घरात असला, भाईर कुनी हाक मारली, तोंड उघडायचं भ्या वाटलं, तर थाळी घ्या. पहिली तेवढी तुमी वाजवा. बाकीच्या आपसूक वाजत्यात.