रेशमाचा गोंद आणि योगिनीच्या पेशी

...आणि परत मेल्या हो! सगळ्याच्या सगळ्या! कोण काय विचारता? पेशी! आमच्या योगिनीच्या, माझ्या धाकट्या जावेच्या! नल्लकुंट्याहून रोज बसनं प्रयोगशाळेत जायची आणि काचेच्या बशीत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायची. बरं, नुसत्या नाही, त्यांना रेशमाचा गोंद घालून! कोष उकळले की धाग्यावरचा गोंद पाण्यात उतरतो ना, लोक ते पाणी मोरीत ओततात, तर हिचं म्हणणं, त्यानं पेशी जोमानं वाढतील, भाजलेल्या माणसाला उपयोग होईल. हा माझा हात स्टोव्हनं भाजला तेव्हापासूनचं खूळ, तुम्हाला सांगते!

पण मेल्या ना! तिच्या सरांनी बशीत डोकावलं, चष्मा पुसला, "मळ्ळी चेय्यम्मा!" म्हणजे पुन्हा कर गं बाई! केलं. करंट गेला, उबेची पेटी थंड... मेल्या! मळ्ळी चेय्यम्मा! केलं. बुरशी! मळ्ळी चेय्यम्मा! इकडे सासूबाई, "नक्को गं ते! कोषातले किडे मारता, त्यांचा तळतळाट!" आणि नवरा, शिवराजभावजी, नव्या टीव्हीचे चॅनल बदलत, "बँकेची परीक्षा का देत नाहीस?" रडायची हो ती, न्हाणीत नळ सोडून. मला ऐकू यायचं ना!

मग एका दुपारी वैतागून तिनं काय केलं, एका बशीत गोंद घातलाच नाही, कोष उकळताना टाकतात तो नुसता सोडा घातला. मेल्या! म्हणजे मारेकरी गोंद नव्हे, सोडा! मग कोष नुसत्या पाण्यात, प्रेशर लावून, आपण डाळ शिजवतो तसे उकळले... आणि काय सांगू, जगल्या! गोंद-सोडा काहीच न घातलेल्या बशीपेक्षाही दाट! सर काय म्हणाले असतील? मळ्ळी चेय्यम्मा! केलं. पुन्हा जगल्या! तेव्हा कुठं गृहस्थ हसले.

पण औषध काढणार कोण? दवाखाने झाले, औषधवाले झाले, सगळ्यांचं एकच, "बघू!" तेवढ्यात, देश खुला झालेला ना, एक परदेशी शांपूवाली कंपनी आली. त्यांना गोंद पसंत पडला आणि योगिनीही! आता दारात गाडी येते, सासूबाई बरकतपुऱ्यापर्यंत पेढे वाटून आल्या, तळतळाट गेला कुठल्या कुठं! मी विचारलं, "काय गं, बरं आहे ना तिकडे?" तर जांभई देत म्हणते, "बरं आहे जाऊबाई. केसांना चमक येते का, तेवढं बघायचं. केस म्हणजे आधीच मेलेला माल... रोज कुणी मरायची धास्ती तरी नाही!"