चित्रातल्या बाईला लावलेलं कुंकू

माझं गाव प्रवरेच्या काठचं, ताई. मला बोलायची फार लाज वाटते, तुम्ही लिहून घेताय म्हणून मान खाली घालूनच सांगते. गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं, त्याच्याखाली हजारो वर्षांचं जुनं गाव गाडलंय म्हणायचे, आणि एका हिवाळ्यात शहरातले साहेब ते खणायला आले तेव्हा माझी आई पाटी घेऊन मातीवर गेली. मी चौथीत होते. एक दिवस खड्ड्याची भिंत ढासळली नि आई खाली गेली. बाप्यांनी हातांनी माती उपसली, बाहेर काढलं तर तोंड मातीनं भरलेलं, आणि चुंबळ तशीच डोक्याला. माझी शाळा तिथेच सुटली, घरी भाकऱ्या कोण थापणार. आईचा फोटो नाही. एकसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लग्न झालं. नवऱ्याचे थोरले भाऊ कंप्युटरवाले, त्यांनी ह्याला इथे परदेशात, एडिसनला आणलं, मागून मी आले. हा फ्रेमच्या दुकानात कामाला लागला. मारायचा तो पहिल्यापासून. गावाकडे ओरडलं तर शेजारी धावून यायचे, इथले शेजारी सभ्य, ते टीव्ही मोठा करायचे. चार्जरच्या वायरीनं मारायचा, वळ उठले की मी लांब बाह्यांचा स्वेटर घालायचे, उन्हाळ्यातसुद्धा. वरच्या मजल्यावर नागपूरच्या काकू राहायच्या, त्या म्हणायच्या, अगं, एवढ्या गर्मीत स्वेटर? मी म्हणायचे, काकू, एसी फार लागतो. आमच्याकडे एसी बंदच असायचा.

दुकानात तो एक धंदा शिकला. इथे म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं विकायला काढतात. तिथून हा जुनी पुस्तकं घरी आणायचा, पाटाएवढी मोठी, चामड्याच्या पुठ्ठ्याची. कुठे खोदलं, काय सापडलं, त्याची रंगीत चित्रं आत, मडकी, मूर्ती, हाडं, आणि प्रत्येक चित्रावर पातळ कागद. दोनशे वर्षं कुणी जपलेलं पुस्तक हा टेबलावर उताणं पाडायचा आणि ब्लेडनं चित्र मुळापासून कापायचा. कर्र करून आवाज यायचा. चित्रं फ्रेममध्ये जायची, उरलेलं पुस्तक कचऱ्यात. मी एकदा म्हटलं, अहो, पुस्तक आहे ते. तर म्हणाला, चौथीत शाळा सुटलेली बाई मला शिकवणार? आणि तेच पुस्तक पाठीत घातलं.

काय सांगू तुम्हाला, एका पुस्तकात मला आई दिसली. मोठा खड्डा, छत्रीखाली खुर्चीवर गोरा साहेब, आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायकांची रांग. तिसरी बाई मान जराशी डावीकडे कलती ठेवून चाललेली. आई तशीच चालायची. नंतर काकूंनी वाचून सांगितलं की हे आपल्याकडचं नाही, दुसऱ्याच देशातलं आहे, साहेबाचं नाव आहे, बायकांची नाहीत. असू दे. ते चित्र एका गिऱ्हाइकाला द्यायचं ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी कापणार होता.

आणि कापायच्या आदल्या दिवशी दसरा. आमच्या घरी दसऱ्याला बाप कुदळ, फावडं, पाटी धुऊन पुजायचा, माझी पाटी-पुस्तकंही त्यांच्याशेजारी मांडायचा. मी तसंच केलं. ह्याची पट्टी मांडली, ब्लेडचा चाकू मांडला, त्यालाही हळदकुंकू वाहिलं, आणि शेजारी ते पुस्तक उघडं ठेवलं. मग ओलं कुंकू बोटावर घेऊन त्या तिसऱ्या बाईच्या कपाळाला टेकवलं. एवढंसं कपाळ. कागद जुना, त्यानं कुंकू पिऊन घेतलं, बघता बघता तिचा सगळा चेहरा लाल झाला.

हा आला, बघितलं. आधी केस धरून डोकं टेबलावर आपटलं, मग लाथा घातल्या. मग पूजेतला चाकू उचलला, माझा हात टेबलावर दाबला, म्हणाला, कुठलं बोट? सांग, कुठलं बोट? मी मूठ वळली. त्यानं स्वतःच शोधलं, बोट लालच होतं. ब्लेड हाडापर्यंत गेलं. मारानं मला कधी राग आला नव्हता, खरंच सांगते. पण तो मला सोडून पुस्तकाकडे वळला, म्हणाला, आता हिचेही तुकडे करतो. हिचे म्हणाला. मी दुसऱ्या हातानं पुस्तक ओढलं, दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडले. तो मागे फ्रेमच्या काचांच्या ढिगावर पडला, उठायला लागला तर मी पुन्हा हाणलं.

फोन काकूंनी केला. पोलीस आले तेव्हा मी सवयीनं हात पदराखाली लपवला. काकू ओरडल्या, अगं दाखव हात, आता तरी दाखव! पोलिसाला टेबलावर सगळीकडे लालच लाल दिसत होतं, चाकूवर, पुस्तकावर, माझ्या हातावर. तो गोंधळला. तेव्हा मी बोलले, आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाशी मान वर करून. म्हटलं, हे कुंकू, हे माझं रक्त, आणि जमिनीवर पडलंय ते त्याचं. काकूंनी इंग्रजीत सांगितलं.

आता त्याला माझ्याजवळ यायची कोर्टाची मनाई आहे. दीर त्याचं सामान घेऊन गेले, ते पुस्तक तेवढं टाकून गेले, म्हणाले, डाग पडलाय, कोण घेणार. मी ओक ट्री रोडवर एका हॉटेलात पोळ्या लाटते. ते बोट वाकत नाही, पण लाटण्याला फारसं लागत नाही. पुस्तक माझ्या उशाशी असतं, अख्खं. आईचा चेहरा मीच पुसला, आता नुसती मान दिसते, डावीकडे कललेली. दसऱ्याला फूल वाहते, कोरडं. देवानं त्याला सुखी ठेवावं, ताई. लांब ठेवावं.