पॅकेजमधला उपवास

बेंगळुरूच्या थीम पार्कात तिकिटासोबत जेवणाचे पैसे आधीच भरावेत का, यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला होता, माहितीये? आईचा मारुतीचा शनिवार, आणि डबा आत नेऊ देत नाहीत. शेवटी मी फोन केला. "उपवासाचंही मिळतं सर," म्हणाले, म्हणून भरले.

तर शनिवारी आईच्या ताटात गरमागरम उपमा!

"अगं बाई, उपवासाला रवा?"

वाढणाऱ्या अक्का हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, आम्ही फक्त भात सोडतो."

"आणि मारुतीला चालतं?"

"न चालायला काय झालं? त्याचा जन्म इथलाच, हंपीजवळचा."

आई नाशिकची. मारुती जन्मला तो आमच्या अंजनेरीलाच, यावरून ती भल्याभल्यांशी भांडलीय. त्या दिवशी मात्र उपम्याचा वास घेत म्हणाली, "असेल बाई, इथलाच असेल."